पालीची शेपटी आणि आपली केरसुणी

संध्याकाळी स्वयंपाकघरात दिवा लागला, की ट्यूबलाइटमागून पालीबाई हजर! तुम्ही केरसुणी उगारता, फटका बसतो न बसतो तोच शेपटी फरशीवर वळवळत राहते आणि पाल कपाटामागे पसार! मुलं किंचाळतात ती वेगळीच.

पण मैत्रिणींनो, ती शेपटी तुम्ही तोडलेली नसते बरं का! ती पालीनं स्वतःच टाकलेली असते. तिच्या शेपटीच्या मणक्यांमध्ये निसर्गानं तुटण्याच्या जागा करूनच ठेवल्या आहेत. मांजरानं धरलं किंवा फटका बसला, की पाल तिथले स्नायू आवळते आणि शेपटी सुटते. रक्तवाहिन्याही लगेच आवळल्या जातात, म्हणून रक्त फारसं सांडत नाही. सुटलेली शेपटी काही मिनिटं वळवळते. शत्रूचं लक्ष तिच्याकडे जातं, तेवढ्यात पाल जीव वाचवते.

हा सौदा स्वस्तातला मात्र नाही. पाल आपली चरबी शेपटीत साठवते; अडीअडचणीसाठी डाळीच्या डब्यात लपवलेले पैसेच म्हणा ना! ते गेले, की नवी शेपटी उगवण्यात अंगातली शक्ती खर्च होते आणि अंड्यांसाठी कमी उरते. शिवाय नव्या शेपटीत मणके नसतात, नुसती कूर्चेची कांडी असते. त्या भागात ती पुन्हा तशी सुटत नाही. पुढच्या वेळी त्याच्याही वरून, उरलेल्या जुन्या शेपटीतूनच तोडावी लागते. गुळगुळीत, जरा वेगळ्या रंगाची शेपटी दिसली, तर समजा, हिनं एकदा जिवावरचं शेपटीवर निभावलं आहे!

तेव्हा केरसुणी खाली ठेवा. आपल्याकडची कोणतीही पाल विषारी नाही. उलट डास, पतंग, लहान झुरळं ती फस्त करते. मात्र तिच्या विष्ठेतून जंतू अन्नात जाऊ शकतात. म्हणून दूध-भाजी झाकून ठेवा, ओटा सकाळी स्वयंपाकाआधी पुसून घ्या आणि पाल पडलेला पदार्थ हळहळ न करता टाकून द्या. घरात पाल नकोच असेल, तर खिडक्यांना बारीक जाळी लावा, गरज नसलेले दिवे मालवा. किडे कमी झाले, की पालही दुसरं घर शोधते.

आणि वळवळती शेपटी पाहून मुलं घाबरलीच, तर त्यांना जवळ घेऊन ही सगळी हकिकत सांगा. भीती पळेल आणि चार गोष्टी कळतील!