बिटांचा हिशेब आणि घरच्या स्टुडिओचा खर्च

ध्वनिमुद्रणाचा धंदा आता मोठ्या स्टुडिओंच्या हाती राहिलेला नाही. एक संगणक, एक मायक्रोफोन आणि या दोहोंना जोडणारी इंटरफेसची डबी एवढ्या भांडवलावर घरातल्या आतल्या खोलीत काम सुरू होते. नात व कव्वालीचे मुद्रण, लग्नाच्या चित्रणाला निवेदन, रिक्षावरून फिरणाऱ्या दुकानांच्या जाहिराती, जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देणे, अशी कितीतरी कामे त्यात येतात. रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे आमचे अनेक कारागीर बंधू याच वाटेने या धंद्यात आले. हाताला कसब आहे, कानही तयार आहे; पण माल घ्यायला गेले की त्यांची फसगत 'बिट' या एका शब्दावर होते. १६ पेक्षा २४ बरे, २४ पेक्षा ३२ बरे, असे सांगून दुकानदार वरच्या किमतीचे यंत्र गळ्यात मारतो आणि हप्ते फेडताना धंद्यातला नफा निघून जातो. म्हणून हा बिटांचा हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

संगणकाला आवाज कळत नाही, आकडे कळतात. मायक्रोफोनमधून येणारा विजेचा दाब दर सेकंदाला हजारो वेळा मोजला जातो व आकड्यांत लिहून ठेवला जातो. किती वेळा मोजायचे, हा एक प्रश्न. प्रत्येक मोजमाप किती बारकाईने लिहायचे, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे बिट डेप्थ. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० मोजमापे आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत असते. १६ बिटांत ६५,५३६ वेगवेगळ्या पायऱ्या लिहिता येतात, तर २४ बिटांत १,६७,७७,२१६. भाजीवाल्याचा काटा आणि सराफाचा काटा यांत जो फरक, तोच हा.

एवढे ऐकून पुष्कळांचा असा समज होतो की कमी बिटांचा आवाज जिन्याच्या पायऱ्यांसारखा खडबडीत आणि जास्त बिटांचा मखमलीसारखा गुळगुळीत असतो. जाहिरातींत तसे चित्रही छापतात. ते चित्र दिशाभूल करणारे आहे. मोजमाप जवळच्या पायरीवर नेताना जी थोडी चूक होते, ती नीट केलेल्या कामात बारीक सरसरीच्या रूपाने मागे उरते. बिट वाढवले की ही सरसर खाली जाते, इतकेच. प्रत्येक बिटामागे ती सुमारे ६ डेसिबलने उतरते. म्हणून १६ बिटांत सर्वांत मोठा आवाज आणि ही सरसर यांत सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मिळते, २४ बिटांत सुमारे १४४. तुलनेसाठी सांगायचे तर डॉल्बीशिवायच्या साध्या कॅसेटला ५०-६० डेसिबलच्या आसपास अंतर मिळे, म्हणजे नऊ-दहा बिटांचा माल. त्याच कॅसेटींवर एका पिढीने कव्वाल्या ऐकल्या आणि बिटांची तक्रार कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

शिवाय कागदावरचे १४४ डेसिबल कोणत्याही यंत्रातून प्रत्यक्षात उतरत नाहीत. विजेच्या मंडलातील भागांना स्वतःचाच उष्णतेचा गोंगाट असतो. उत्तम कन्व्हर्टर १२० डेसिबलच्या आसपास पोचतात, म्हणजे खरे बिट वीसच्या घरात. खालचे बिट त्या गोंगाटानेच भरलेले असतात. असे असताना निव्वळ खोक्यावर '३२' छापले आहे म्हणून जास्त पैसे का मोजावेत?

आता आपल्या खोलीकडे पाहू. रात्री रस्ता शांत झाल्यावरही साध्या खोलीत ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. पंखा लावला, शेजारी शिलाई मशीन चालले की तो आणखी चढतो. गाणारा मायक्रोफोनजवळ जोरात गायला तर ९०-१०० पर्यंत जातो. म्हणजे कामाचे अंतर ६०-७० डेसिबलचे. ते १६ बिटांत आरामात मावते. खोलीचा गोंगाट १६ बिटांच्या सरसरीच्या कितीतरी वर आहे, आणि तो कमी करण्याचे काम कोणताही बिट करत नाही. ते काम जाड पडदे, रजया, गालिचा, बंद केलेला पंखा आणि तोंडापासून नेमक्या अंतरावर ठेवलेला मायक्रोफोन करतात. आमच्या मते घरच्या स्टुडिओवाल्याने जास्तीचा पहिला रुपया येथे घालावा.

मग २४ बिट घ्यायचेच कशाला? घ्यावेत, पण कारण समजून घ्यावेत. डिजिटल मापाला वर एक पक्की हद्द असते. आवाज तिच्यापुढे गेला की माथा कापला जातो आणि आवाज फाटतो. टेपवर थोडे पुढे गेले तर चालून जाई, येथे चालत नाही, आणि कापलेला माथा पूर्ववत करून देणारा इलाज नाही. कव्वालीचेच पाहा. सुरुवातीचा आलाप मंद असतो. मग टाळ्या, ढोलक आणि साथीदारांचा एकत्र सूर असे एकदम उसळते की आलापावर बेतलेली पातळी क्षणात हद्द ओलांडते. म्हणून मुद्रण करताना वर जागा मोकळी सोडावी लागते. सरासरी आवाज हद्दीच्या १८ डेसिबल खाली आणि सर्वांत मोठे उसळे १० च्या आसपास खाली राहतील अशी पातळी ठेवावी. या १८ डेसिबलमध्ये तीन बिट खर्ची पडतात. १६ पैकी तीन गेले तर तेरा उरतात, आणि पुढे आवाज दाबून-उचलून सारखा करताना खालची सरसरही वर येऊ लागते. २४ पैकी तीन गेले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. बाजारातले आजचे बहुतेक इंटरफेस २४ बिटांचे असतातच. संगणकाच्या सेटिंगमध्ये तो आकडा निवडला आहे ना, एवढे मात्र तपासावे. यंत्र २४ चे आणि काम चालले आहे १६ वर, असे होते.

मुद्रणानंतरच्या कामाला ३२ बिट फ्लोट का वापरतात, हे व्यापाऱ्याला चटकन पटेल. २५ पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. तरी आपण खातेवहीत पैसे लिहितोच, आणि पूर्णांक करायचा तो शेवटच्या बिलावर. प्रत्येक ओळीवर रुपया पूर्ण करत गेलो तर वर्षाअखेर जमाखर्च जुळणार नाही. आवाजाचेही तसेच आहे. पट्टी कमी-जास्त केली, आवाज दाबला, घुमारा घातला, की प्रत्येक पायरीवर नवा गुणाकार होतो आणि बारीक अपूर्णांक तयार होतात. ३२ बिट फ्लोटमध्ये आकडा वेगळा आणि तो लाखांत की कोटींत हे वेगळे लिहिलेले असते. त्यामुळे बारकावा २४ बिटांएवढाच राहतो, पण माप लागेल तसे वर-खाली सरकते. मधल्या पायरीवर आवाज हद्दीबाहेर गेला तरी नंतर खाली आणता येतो. ही सोय फुकट आहे. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम मुळातच ३२ बिट फ्लोटवर काम करतो.

थेट ३२ बिट फ्लोटमध्ये मुद्रण करणारे झूम एफ-६ सारखे रेकॉर्डर २०१९ पासून आले. त्यांत एक कन्व्हर्टर मंद आवाजासाठी आणि दुसरा मोठ्या आवाजासाठी, असे दोन जोडीने चालतात. मंडपात किंवा उघड्यावर एकटा माणूस कॅमेराही सांभाळतो आणि आवाजही, तेव्हा त्याला ही यंत्रे उपयोगाची आहेत. परंतु मायक्रोफोनच आवाजाच्या भाराने फाटला तर तीही काही करू शकत नाहीत. घरात एक गायक समोर बसवून, हातात पातळीचे बटण असताना, त्यासाठी कर्ज काढणे आम्हाला शहाणपणाचे वाटत नाही.

काम पुरे झाले की गिऱ्हाइकाला सीडीसाठी १६ बिटांची फाइल द्यावी लागते. येथे 'डिदर' नावाचा पर्याय दिसतो आणि पुष्कळजण तो बंद करतात, कारण तो फाइलमध्ये बारीक सरसर मिसळतो. गिऱ्हाइकाच्या मालात गोंगाट का मिसळावा, असे त्यांना वाटते. परंतु दुकानदाराने दर बिलातले पैसे खालीच सोडले तर हिशेब एका बाजूला झुकतो. कधी वर, कधी खाली असे नेमाशिवाय केले तर एकूण बरोबर राहते. डिदर हेच करतो. तो नसेल तर मंद होत विरणाऱ्या सुराच्या शेवटी चूक त्या सुराला चिकटून खरखर करते. तो घालावा, पण एकदाच, अगदी शेवटी. एमपी-३ करायची असेल तर १६ बिटांत उतरवायची गरजच नाही; कामाची फाइल तशीच द्यावी. एमपी-३ वरचे १२८ किंवा ३२० हे आकडे दर सेकंदाला किती हजार बिट खर्च होतात ते सांगतात. त्यांचा बिट डेप्थशी संबंध नाही.

आता एक कडवी गोष्ट. काही ठिकाणी १६ बिटांची, क्वचित एमपी-३ चीच फाइल २४ बिटांत साठवून 'उच्च दर्जा' म्हणून जादा दाम घेतला जातो. पाव लिटर दूध लिटरच्या भांड्यात ओतले म्हणून ते लिटर होत नाही. हे मापात पाप आहे, आणि आज ना उद्या गिऱ्हाइकाचा जाणता मुलगा ते पकडणारच. नुसत्या ऐकण्याला १६ बिट कमी पडतात असेही नाही. मेयर आणि मोरान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत वरच्या दर्जाचा आवाज मध्येच १६ बिटांच्या सीडी-मापातून काढून ऐकवला, तेव्हा सर्वसाधारण पातळीवर ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही. नाणे उडवून सांगितल्यासारखीच उत्तरे आली.

जुन्या कॅसेटी उतरवून देणाऱ्यांनी मात्र २४ बिट सोडू नयेत. कॅसेटला तेवढ्याची गरज नाही हे वर आलेच, पण ५० कॅसेटींचा ढीग उपसताना प्रत्येकीची पातळी आधी तपासायला वेळ नसतो आणि झिजलेली फीत दुसऱ्यांदा चालेलच असे नाही. कोणाच्या दिवंगत वडिलांचा आवाज तेवढ्या एकाच फितीवर असतो. पातळी खाली ठेवावी, २४ बिट आणि ४८,००० च्या वेगाने उतरवावे. ६० मिनिटांच्या कॅसेटला सुमारे एक जीबी जागा लागते. स्वच्छ केलेली प्रत वेगळी द्यावी आणि उतरवलेली मूळ फाइल गिऱ्हाइकाला पेन ड्राइव्हवर द्यावी. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. आणि दर ठरवतानाच मूळ फाइल आपल्याकडे किती दिवस ठेवणार ते पावतीवर लिहून द्यावे.