धूळ झटकण्याआधी

लॅपटॉपवर काहीही उघडलेलं नाही, पडद्यावर नुसता डेस्कटॉप आहे आणि तरी पंखा घोंघावतोय, ही तक्रार दुरुस्तीच्या दुकानात गेली की उत्तर बहुधा ठरलेलं असतं: आत धूळ साचली असेल, उघडून साफ करू, थर्मल पेस्ट बदलू. दुकानाची पायरी न चढणाऱ्यांसाठीही उपाय तयार असतात. कुणी खाली कूलिंग पॅड ठेवायला सांगतं, कुणी पंख्याचा वेग आवरणारं सॉफ्टवेअर सुचवतं, आणि कशानेच भागलं नाही तर सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायचं. वरवर वेगळे दिसणारे हे सल्ले एकाच गृहीतकावर उभे आहेत. संगणकाला काम नाही हे आपण डोळ्यांनी पाहतो, तेव्हा दोष त्याच्या शरीरातच असणार, असं ते गृहीतक. माझा आक्षेप नेमका त्यावरच आहे. रिकाम्या दिसणाऱ्या लॅपटॉपचा पंखा जोरात फिरतो तेव्हा बहुतेक वेळा तो लॅपटॉप रिकामा नसतोच. म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी आत किती काम चाललं आहे ते मोजलं पाहिजे.

धुळीच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, हे आधी मान्य करू. लॅपटॉपचा पंखा हवा आत ओढतो आणि तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बारीक पात्यांमधून बाहेर फेकतो. पंखा आणि पाती यांच्या मधल्या फटीत तंतू अडकत जातात आणि काही वर्षांत त्यांचा नमद्यासारखा थर बनतो. तो थर वाट अडवतो हे खरंच आहे. प्रश्न आहे तो या अडथळ्याने नेमकं काय होतं याचा. प्रोसेसरचं तापमान ढोबळमानाने असं ठरतं: खोलीचं तापमान, अधिक खर्च होणारे वॅट गुणिले उष्णता बाहेर पडताना होणारा अडथळा. समजा, दर वॅटमागे तापमान ३ अंशांनी चढतं. खऱ्या अर्थाने रिकामा प्रोसेसर ३ वॅट घेत असेल तर तो खोलीपेक्षा ९ अंशांनी तापेल. धुळीने अडथळा दुप्पट केला तरी ही वाढ १८ अंशांवर थांबेल. ३० अंशांच्या खोलीत तापमान ४८ होईल, आणि त्यासाठी कुठल्याही पंख्याला आरडाओरडा करायचं कारण नाही. त्याच धुळीत १५ वॅटचं काम सुरू केलं तर मात्र वाढ ४५ वरून ९० अंशांवर जाईल. तापमान १०० अंशांच्या आसपासच्या मर्यादेला भिडेल आणि प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करू लागेल. धूळ ही गुणणारी आहे, आणि गुणायला आधी आकडा लागतो. चूलच पेटलेली नसेल तर झाकण कितीही घट्ट बसवलं तरी भात उतू जात नाही. म्हणजे ज्या लॅपटॉपचा आवाज कामाच्या वेळी असह्य होतो, त्याच्या बाबतीत धुळीवर संशय घेणं रास्त आहे. ‘काहीच करत नसताना आवाज येतो’ ही तक्रार मात्र, नीट ऐकली तर, धुळीच्या विरोधात नव्हे, तिच्या निर्दोषपणाचीच साक्ष देते.

मग वॅट येतात कुठून? इथे रिकामेपणाबद्दलचा आपला समज आड येतो. काम थांबलं की यंत्र आपोआप शांत होतं असं आपण धरून चालतो, पण प्रोसेसरची विश्रांती मुद्दाम घडवून आणावी लागते. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध केलेल्या एसीपीआय या मानकाने ऊर्जा-व्यवस्थापनाची सूत्रं ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती दिली आणि प्रोसेसरच्या झोपेच्या पायऱ्या आखून दिल्या. जितकी खोल झोप तितकी वीज कमी, पण खोल झोपेसाठी सलग निवांतपणा लागतो. २००७ साली लिनक्सच्या २.६.२१ या आवृत्तीत प्रोसेसरला सेकंदाला शेकडो वेळा विनाकारण उठवणारा ठोका रिकाम्या वेळी बंद करण्याची सोय आली. त्याच वर्षी इंटेलने काढलेल्या पॉवरटॉप या साधनाने कुठला प्रोग्राम प्रोसेसरला किती वेळा जागं करतो हे उघड केलं. अनेक निरुपद्रवी वाटणारे प्रोग्राम झोपमोड करताना सापडले आणि ते सुधारले गेले. ती सुधारणा पंखा साफ करून झाली नव्हती, मोजमाप करून झाली होती.

आजच्या लॅपटॉपमध्ये या झोपमोडीची किंमत आणखी वाढली आहे. छोटंसं काम आलं तरी प्रोसेसर ते चटकन उरकण्यासाठी टर्बो वेगाला जातो. वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. काम मिनिटभराचं असेल तर हे शहाणपणाचं आहे, पण अडकलेला एखादा प्रोग्राम तासन् तास तेच करत राहिला तर पंख्याला उसंत मिळत नाही. शिवाय पंख्याचे फेरे दुप्पट झाले की आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो. म्हणून वॅटमधली किरकोळ वाढसुद्धा कानाला मोठी वाटते.

रिकाम्या वेळेत कोण राबतं याची यादीही गूढ नाही. विंडोजमधली ‘ऑटोमॅटिक मेंटेनन्स’ ही व्यवस्था मुळात वापरकर्ता नसतानाच चालावी अशी रचलेली आहे. तिची ठरलेली वेळ पहाटे २ची. त्या वेळी लॅपटॉप बंद असेल तर पुढे कधीतरी तो रिकामा सापडला की ती काम उरकते. अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी, फाइलींची शोधसूची तयार करणं, क्लाउडमधल्या फोल्डरची जुळवाजुळव, ही सगळी मंडळी आपण चहाला उठण्याची वाट पाहत असतात. त्यांच्या जोडीला ब्राउझरच्या मागच्या टॅबमध्ये हलणाऱ्या जाहिराती असतात. २०१७ ते २०१९ या काळात कॉइनहाइव्ह नावाची स्क्रिप्ट भेट देणाऱ्याच्या प्रोसेसरवर त्याला न विचारता आभासी चलन खणत असे; २०१८च्या फेब्रुवारीत ती ब्रिटनमधल्या सरकारी संकेतस्थळांवरही एका घुसखोरीतून पोचली होती. पडद्यावर तिचा मागमूस नसे, पंखा मात्र बोलत असे. त्या काळात ज्याने पंखा गप्प केला असेल, त्याने एकमेव साक्षीदाराचं तोंड बंद केलं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: टास्क मॅनेजर उघडून पाहिला, तिथे काहीच नाही. हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण निरीक्षण अपुरं आहे. रिकाम्या वेळेसाठी राखलेली बरीच कामं माउस हलताच थांबतात, म्हणजे पाहायला जावं तर संशयित पसार झालेला असतो. खिडकी उघडी ठेवून, सीपीयूच्या रकान्यावर क्रम लावून, दहा मिनिटं कशालाही हात न लावता दुरून पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. दुसरी फसगत टक्क्यांची. आठ लॉजिकल प्रोसेसरच्या लॅपटॉपमध्ये एक पूर्ण अडकलेला असला तरी एकूण आकडा सुमारे १२ टक्केच दिसतो. ‘बाराच टक्के तर आहे’ म्हणून आपण पुढे जातो आणि तो एक गाभा मात्र टर्बो वेगाने तापत असतो. तिसरी फसगत नावांची. ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’समोर ९५ टक्के पाहून घाबरणारे पुष्कळ असतात, पण तो आकडा रिकामेपणाचा आहे. मॅकवर ‘कर्नल टास्क’ खूप सीपीयू घेताना दिसतो. ॲपलच्याच खुलाशानुसार प्रोसेसरचं तापमान आवरणं हे त्याच्या कामांपैकी एक आहे, आणि त्यासाठी तो जड प्रोग्रामांच्या वाट्याचा सीपीयू कमी करतो. म्हणजे तिथे तो कारण नसून परिणाम असू शकतो.

दुसरा आक्षेप अनुभवाचा: साफसफाईनंतर आवाज गेला, मग धूळ नव्हती असं कसं म्हणता? पण दुकानात फक्त साफसफाई होत नाही. लॅपटॉप पूर्ण बंद होतो, पुन्हा सुरू होतो, अडकलेला प्रोग्राम त्या ओघात मरतो, अर्धवट अपडेट पूर्ण होतं, शोधसूची तयार होऊन जाते. पाच गोष्टी एकाच वेळी बदलल्यावर श्रेय त्यातल्या एकीला देणं हा तर्क नव्हे. साफसफाईआधी नुसता रीस्टार्ट करून, चार्जर लावून लॅपटॉप एक रात्र चालू ठेवला असता तर निवाडा फुकटात झाला असता. संपणारं काम त्या रात्रीत बहुधा संपतं; न संपणारं काम सकाळीही चालूच असतं आणि तिथे आपलं नाव दाखवतं.

तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. काही कंपन्या पंख्याचं वेळापत्रकच भित्रं ठेवतात, जरा तापमान चढलं की वेग वाढवतात. मग त्यात फेरफार करणारं सॉफ्टवेअर का वापरू नये? भित्रं वेळापत्रक असतं हे खरं आहे. फर्मवेअरच्या अपडेटने किंवा कंपनीनेच दिलेल्या शांत मोडने ते सुधारत असेल तर जरूर सुधारावं. विंडोजमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की अनेक लॅपटॉपवर टर्बो बंद होतो, हाही उपाय सभ्य आहे, कारण तो उष्णता निर्माण होण्याच्या जागी हात घालतो. तिऱ्हाईत सॉफ्टवेअरने नुसता पंखा आवळला तर वॅट तेवढेच राहतात. ते बॅटरी खात राहतात, फक्त त्यांची खबर देणारं कुणी उरत नाही. क्रम महत्त्वाचा आहे: वॅट खरोखर कमी आहेत हे पाहिल्यावरच पंख्याच्या स्वभावाला दोष द्यावा.

हवामानाचा मुद्दाही याच हिशेबात बसतो. अनेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि चंद्रपूर-नागपूरचा मे महिना ४५ला टेकतो. तिथे खरोखर रिकामा प्रोसेसर आपल्या हिशेबाने ५४ अंशांवर राहील. मागे १० वॅटचं काम चालू असेल तर तो ७५ला जाईल, आणि वर धुळीने अडथळा दुप्पट केलेला असेल तर १०५च्या दिशेने, म्हणजे मर्यादेच्या पलीकडे. खोलीचं तापमान मिळवलं जातं, धूळ गुणते, पण ज्याला गुणायचं तो आकडा सॉफ्टवेअर पुरवतं. तिन्हींपैकी तोच आकडा विनाखर्च आणि झाकण न उघडता तपासता येतो, म्हणून तपासात त्याचा मान पहिला.

याचा अर्थ पंखा कधीच दोषी नसतो असा नाही. आवाज वाऱ्याचा नसून घासल्याचा किंवा खडखडीचा असेल, तर बेअरिंग गेलं आहे आणि पंखा बदलावा, इतर चौकशी नको. वाऱ्याचाच आवाज असेल तर आधी भार पाहावा, मग एक रीस्टार्ट आणि एक रात्र द्यावी. तरी भागलं नाही तर बाहेरच्या कंपन्यांच्या सेवा आणि सुरुवातीला आपोआप उघडणारे प्रोग्राम बंद ठेवून पुन्हा ऐकावं. एवढं होऊन सीपीयू एक-दोन टक्क्यांवर शांत आहे, ग्राफिक्स चिपही झोपलेली आहे आणि तापमान तरीही चढंच आहे, असं दिसलं की मग लॅपटॉप उघडायला सबळ कारण आहे. ‘सामान्य माणसाने हे का करावं?’ असं विचारणाऱ्यांना उत्तर एवढंच की त्याने ते स्वतः केलंच पाहिजे असं नाही, दुकानदाराकडे मागावं. रिकाम्या स्थितीतला सीपीयूचा भार आणि तापमान, साफसफाईआधी आणि नंतर, असे चार आकडे बिलावर लिहून द्यायला दोन मिनिटं लागतात. जो दुकानदार ते देईल त्याला साफसफाईचे पैसे आनंदाने द्यावेत. जो देणार नाही, त्याने दुरुस्ती केली की केवळ अंदाज, हे कळायला आपल्याकडे दुसरा मार्ग नाही.