पिशवी कोण उचलणार?

गोल्फ म्हटले की आपल्या भागातील माणूस हसतो. खटकचिंचोळीत कबड्डी, खो-खो, क्रिकेट सर्वांना ठाऊक. पण राखलेल्या हिरवळीवर काठीने चेंडू मारीत तो दूरच्या खड्ड्यात घालायचा, हा श्रीमंतांचा चाळा वाटतो. तरीही आपल्याच राज्यातील एका गोल्फपटू मुलीविषयी लिहावेसे वाटले. कारण तिच्या यशाचा आपण जो अर्थ लावतो, तो मला अपुरा वाटतो.

अदिती अशोक हिचा जन्म २९ मार्च १९९८ रोजी बंगळूर येथे झाला. घरात कोणीच गोल्फ खेळत नव्हते. न्याहारीसाठी हे कुटुंब ज्या हॉटेलात जाई, तेथून गोल्फच्या सरावाचे मैदान दिसे. कुतूहलाने ते आत गेले आणि पाच वर्षांच्या मुलीच्या हाती काठी आली. पुढे आशियाई युवा स्पर्धा, युवा ऑलिंपिक आणि आशियाई स्पर्धा अशा पायऱ्या चढत २०१६ च्या आरंभी ती व्यावसायिक खेळाडू झाली. त्याच वर्षी अठराव्या वर्षी ती रिओ ऑलिंपिकमध्ये खेळली आणि नोव्हेंबरमध्ये भारतातील महिलांची खुली स्पर्धा जिंकून युरोपीय दौऱ्यावरील स्पर्धा जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली.

गोल्फचा हिशेब आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना चटकन कळेल. ज्याचा खर्च कमी, तो जिंकला! खर्च म्हणजे फटके. टोकियोत ७ ऑगस्ट २०२१ रोजी चार दिवसांच्या खेळानंतर अदितीचे फटके झाले २६९, तर कांस्यपदक मिळविणारीचे २६८. एका फटक्याने पदक हुकले. तेव्हा जागतिक क्रमवारीत ती २०० वी होती. पुढे २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळविले.

हे वाचून आपण म्हणतो, "पोरगी जिद्दीची!" जिद्द खरीच. पण ताळेबंदात आणखी एक रक्कम आहे, ती आपण वाचत नाही. गोल्फच्या काठ्यांची जड पिशवी वाहणाऱ्याला कॅडी म्हणतात. रिओत ती पिशवी वडिलांच्या खांद्यावर होती, टोकियोत आईच्या. माझ्या मते या यशाचे खरे भांडवल तेथे आहे.

कोणी म्हणेल, "पैसा असला की सर्व जमते." गोल्फ महागडा खेळ आहे, हे मान्य. पण कबड्डीला काय लागते? मोकळी जागा आणि चुन्याच्या रेषा. तरीही आपल्याकडे मुलगी आठवी-नववीत गेली की तिचे खेळणे संपते. मुलाला बॅट घेताना घरात कोणी हिशेब मांडीत नाही. मुलीने मैदानावर तासभर मागितला की भाकरी, धुणे आणि लोक काय म्हणतील, अशी खर्चाची मोठी यादी निघते. म्हणजे अडचण नेहमीच पैशाची नसते.

मुलगी सरावाला राहिली तर शेवटची बस चुकते आणि अंधार पडतो, ही भीती खरी आहे. तिच्यावर उपाय मुलीला घरी बसविणे हा नव्हे. आठवड्यातून दोन दिवस वडिलांनी किंवा भावाने तिला न्यायला यावे. कॉलेजनेही मैदानाचा एक तास मुलींसाठी राखावा, तोही उन्हे उतरण्यापूर्वीचा.

मित्रमैत्रिणींनो, भालकी तालुक्यात उद्या गोल्फचे मैदान होईल, असे मी म्हणत नाही. आपल्या मुलींच्या पिशवीत फार तर बूट, पाण्याची बाटली आणि टॉवेल असेल. ती काही जड नाही. घरातल्या कोणीतरी एकाने ती उचलून तिच्याबरोबर चालायचे ठरविले पाहिजे, इतकेच.