नावाची पत आणि स्वेच्छेची शिस्त

मालाला भाव मिळतो तो केवळ गुणांमुळे नव्हे. त्याच्या नावाला बाजारात पत असावी लागते. ही पत एकट्यादुकट्या उत्पादकाला निर्माण करता येत नाही. एकटा अप्रामाणिक उत्पादक मात्र ती सहज बुडवू शकतो. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील विलामेट खोऱ्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

पंचेचाळिसाव्या अक्षांशावरील या थंड, पावसाळी खोऱ्यात उत्तम वाइनची द्राक्षे पिकणार नाहीत, असे कॅलिफोर्नियातील जाणकारांचे मत होते. ते न जुमानता डेव्हिड लेट यांनी १९६५ साली तेथे ‘पिनो न्वार’ या फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील नाजूक जातीची रोपे लावली. पातळ सालीचे हे द्राक्ष कडक उन्हात आपला गंध गमावते; त्याला थंड हवाच मानवेल, हा त्यांचा होरा होता. मागोमाग आलेले बागाईतदारही भांडवलाने दुबळेच. परंतु शेजाऱ्याला प्रतिस्पर्धी मानण्याची चूक त्यांनी केली नाही. १९७३ साली राज्यात भूमिवापराचा कायदा झाला, तेव्हा टेकड्यांचे उतार घरबांधणीच्या घशात न जाता शेतीसाठीच राखले जावेत म्हणून ते एकत्रितपणे झटले.

त्यांचे खरे वेगळेपण त्यांनी स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनांत आहे. बाटलीवर द्राक्षाच्या जातीचे नाव छापण्यास त्या जातीचा ५१ टक्के अंश केंद्रीय नियमाला तेव्हा पुरत असे. ओरेगॉनच्या उत्पादकांनी १९७७ साली, मोजके अपवाद वगळता, ही मर्यादा ९० टक्क्यांवर नेऊन घेतली आणि ‘बर्गंडी’, ‘शाब्ली’ ही उसनी फ्रेंच नावेही वर्ज्य केली. पुढे द्राक्षांच्या टनामागे कर देऊन संशोधन व प्रचाराचा खर्चही त्यांनी स्वतःच उचलला.

फळ लवकरच मिळाले. १९७९ साली पॅरिसच्या स्पर्धेत लेट यांची वाइन पहिल्या दहांत आली. १९८० साली बर्गंडीतील द्रुऑं घराण्याने घेतलेल्या फेरपरीक्षेत तिने दुसरा क्रमांक पटकाविला. १९८७ साली त्याच घराण्याने या खोऱ्यात जमीन विकत घेतली! याहून मोठे प्रशस्तिपत्र ते कोणते?

परंतु यशाबरोबर नवे धोकेही येतात. २००६ पासून बाहेरच्या बड्या कंपन्यांनी जुन्या वायनरी आणि मळे विकत घेण्यास प्रारंभ केला. २०१८ साली कॅलिफोर्नियात तयार झालेल्या वाइनवर या खोऱ्याचे नाव सूचित केल्याचा वाद उद्भवला. २०२१ साली युरोपीय संघाने त्या नावाला संरक्षण दिले खरे. तथापि लहान बागाईतदारांची एकजूट बड्या भांडवलापुढे टिकेल काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

नाशिकचे हवामान उष्ण आणि तेथील अडचणी निराळ्या. तरीही ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन लाभले असल्याने हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. मानांकनाचा शिक्का शासन देऊ शकते. त्यामागची पत मात्र उत्पादकांनीच, आणि तीही एकत्रितपणे, कमवावी लागते.