क्युसेक की क्युमेक? एका अक्षरात पाण्याचा ३५ पट फरक

पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला, की पुणेकरांच्या मोबाइलवर आकडे येऊ लागतात. खडकवासल्याचा विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. विदर्भातील गोसेखुर्दच्या बातम्यांत मात्र क्युमेक दिसतो. ऐकायला दोन्ही सारखेच, पण फरक जीवघेणा आहे.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर, पिण्याच्या पाण्याचा जेमतेम दीड जार. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची अख्खी टाकी. एका क्युमेकमध्ये ३५.३ क्युसेक बसतात.

२५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा खडकवासल्याचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या पुढे गेला होता. वेळेत सूचना मिळाली नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. हाच विसर्ग क्युमेकमध्ये सांगायचा तर आकडा होतो अवघा हजाराच्या आसपास. हजार क्युसेकने मुठेकाठी कोणाची झोप मोडणार नाही. हजार क्युमेक म्हटले, तर तळमजला रिकामा करायला हवा.

'३५ हजार क्युसेक वेगाने पाणी सोडले' असे सर्रास लिहिले जाते, तेही चूकच. क्युसेक हा वेग नव्हे, प्रवाहाचे प्रमाण आहे. 'सेकंदाला' हा भाग त्यातच असल्याने 'क्युसेक प्रतिसेकंद' म्हणण्यातही अर्थ नाही. एकूण किती पाणी गेले, हे विसर्ग किती वेळ चालला यावर ठरते. तो हिशेब टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत होतो. सुमारे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग २४ तास चालला, की एक टीएमसी पाणी जाते.

खडकवासल्याची क्षमता १.९७ टीएमसी. वरून थेंबही आला नाही, तर ३५ हजार क्युसेकने हे धरण सुमारे साडेपंधरा तासांत रिकामे होईल. पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून साखळीची क्षमता २९.१५ टीएमसी असली, तरी शहराच्या तोंडाशी असलेले धरण असे लहानखुरे आहे. पूर फार काळ अडवून धरण्याची ऐपत त्यात नाही. म्हणूनच विसर्गाचे आकडे काही तासांत बदलतात आणि सकाळचा संदेश दुपारी शिळा होतो.

ग्रुपवर फिरणाऱ्या संदेशात एकक आणि वेळ, दोन्ही नसतील, तर त्या आकड्यावरून गाडी पार्किंगमधून काढायची की नाही, हे ठरवता येणार नाही.