मार्च काही अचानक येत नाही

दिवाळीच्या अंकात हिशेबाचा विषय काढला म्हणून कोणी नाक मुरडू नये. लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा करणारे आपण लोक! पेढीवरचा गुमास्ताही रात्र रात्र खर्डेघाशी करीत असे. पण हिशेब मिटला की निदान मिठाईचा पुडा तरी त्याच्या हाती पडे.

आता वर्ष संपते ते ३१ मार्चला. १८६७ साली इंग्रज सरकारने १ एप्रिलपासून आर्थिक वर्ष धरले, ते तसेच चालू आहे. म्हणजे ही तारीख दीडशेहून अधिक वर्षे सर्वांना ठाऊक आहे. तरीही फेब्रुवारी उलटला, की आमच्या विश्रांतवाडीतली मुलेमुली येरवडा, विमाननगर, खराडीच्या कचेऱ्यांतून रात्री अकराच्या आत घरी येत नाहीत. नावापुरतीच काय ती विश्रांती!

त्यांतही हाल 'एचआर'वाल्यांचे. भाड्याच्या नि विम्याच्या पावत्या तपासून प्रत्येकाचा कर बसवायचा, शिल्लक रजा पुढल्या वर्षी ओढायच्या, पगारवाढीची पत्रे काढायची, सोडून गेलेल्यांचा हिशेब चुकता करायचा. दुसऱ्यांच्या रजा मोजता मोजता ह्यांची स्वतःची रजा बुडते.

मालक म्हणतात, "मार्चएंड आहे, इलाज नाही." का बरे नाही? मी शाळामास्तर आहे. परीक्षा केव्हा येणार हे ठाऊक असून आदल्या रात्री जागणाऱ्या पोराला आम्ही कामसू म्हणत नाही. मग कंपनीला का म्हणावे? मार्चच्या पगारातून कापलेला कर भरायला सरकारसुद्धा ३० एप्रिलपर्यंत मुदत देते. सरकारला नसलेली घाई मग कोणाची? खरी गोष्ट साधी आहे: पाचांचे काम तिघांवर टाकले, की दोघांचे पगार वाचतात.

कायदा नाही असे नाही. १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याला लोक 'गुमास्ता कायदा'च म्हणत. २०१७ साली त्याच्या जागी नवा आला. जादा कामाला दुप्पट मजुरी त्यातही आहे. मात्र गोपनीय, व्यवस्थापकीय वा देखरेखीच्या जागेवरची माणसे त्यातून वगळली आहेत. पळवाट नेमकी इथेच सापडते. तेवीस वर्षांच्या कारकून पोरीला 'एक्झिक्युटिव्ह' ही पदवी बहाल करायची, ती पगाराचे कागद हाताळते म्हणून तिचे काम गोपनीय म्हणायचे, आणि जादा तासांचे नावही काढायचे नाही!

१९४८ च्याच कारखाने कायद्याने पाचशे वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमायला सांगितले होते. आज त्या खात्याचे नाव 'मानव संसाधन'. कल्याण गेले आणि माणूस कोळसा-लोखंडाच्या रांगेत जाऊन बसला.

आणि आपण काय करतो? मुलगी मध्यरात्री आली, की शेजाऱ्यांना कौतुकाने सांगतो, "फार जबाबदारीची जागा आहे हो तिची!" वाचकहो, हे कौतुक आधी थांबवा. फराळाला सारी जमतील तेव्हा विचारा, गेल्या मार्चमध्ये जादा तास किती झाले, आणि त्यांचे पैसे किती मिळाले? हाच प्रश्न मग मुलांनी कचेरीत विचारावा, एकेकट्याने नव्हे, मिळून. मार्चला अजून चार महिने आहेत. दोन माणसे नेमायला तेवढे पुष्कळ झाले.