टेस कोष्टकात मावत नाही

थॉमस हार्डीची टेस फासावर गेली ती एकदाच. संरचनावादी समीक्षक मात्र तिला दर चर्चासत्रात नव्याने लटकवतात, तेही फळ्यावर. एका रकान्यात पांढरे, दुसऱ्यात लाल. इकडे निसर्ग, तिकडे संस्कृती. पांढऱ्या पोशाखावरची लाल फीत, तिला नासवणाऱ्या अ‍ॅलेकने भरवलेली स्ट्रॉबेरी, प्रिन्स घोड्याचे रक्त, शेवटी अ‍ॅलेकच्या खुनाने छतावर उमटलेला डाग. सगळे लाल एका ओळीत लागले की शोकांतिका उलगडली. टाळ्या, मग चहा.

हा लाल धागा कादंबरीत आहेच. हार्डीने तो जाणूनबुजून ओवला आहे. पण धागा सापडला म्हणून माणसे दिसेनाशी व्हावीत, हा कुठला न्याय?

लग्नाच्या रात्रीचा प्रसंग घ्या. नवरा एंजल आधी कबुली देतो: लंडनमध्ये एका परक्या बाईबरोबर घालवलेले ४८ तास. टेस तत्काळ क्षमा करते. मग ती अ‍ॅलेकबद्दल सांगते, आणि हा उदारमतवादी गृहस्थ तिला टाकून ब्राझीलला निघून जातो. कोष्टकात दोन्ही कबुल्या समोरासमोर बसतात, तोल कसा सुरेख साधतो! अहो, तो तोल टेसच्या आयुष्यात साधला नाही, हीच तर शोकांतिका. या समीक्षकांचा गुरू, मानववंशशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉस, याने १९५५ साली ईडिपसची कथा उभ्या रकान्यांत मांडली. ते मिथक होते, अनेक तोंडांतून आलेले. क्रम मोडून वाचले तरी एक वेळ चालले. इथे आधी कोण बोलले आणि नंतर कोण, यावर एका बाईचा जीव टांगलेला आहे.

आणि घराच्या पट्ट्याचे काय? डर्बीफील्डांचे घर तीन हयातींच्या पट्ट्यावर होते. बाप जॉन ही शेवटची हयात. तो मेला, पट्टा संपला, बायको-पोरे रस्त्यावर आली. नेमका तेव्हा अ‍ॅलेक छप्पर देऊ करतो. टेस त्याच्याकडे परत जाते ती आई-भावंडांसाठी. समीक्षक याला ‘पुनरावृत्ती’ म्हणतात. म्हणजे जमीनदार सुटला, अ‍ॅलेक नुसते ‘कार्य’ झाला, एंजल ‘विरोधी ध्रुव’ झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

फाशी म्हणजे काय, हे हार्डीला माहीत होते. १८५६ साली, सोळाव्या वर्षी, त्याने डॉर्चेस्टरला एलिझाबेथ मार्था ब्राउनला जाहीर फासावर जाताना पाहिले होते. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला तिने ठार केले होते. तो दोर कुठल्या द्वंद्वातून वळलेला नव्हता. कायद्याने वळला होता, माणसांनी ओढला होता.

१८९१ मध्ये ‘ग्राफिक’ साप्ताहिकात ही कादंबरी क्रमशः आली, तेव्हा संपादकीय सोवळ्यापायी हार्डीला अ‍ॅलेकचे कृत्य आणि त्यातून झालेल्या बाळाचा बाप्तिस्मा वगळावा लागला. एंजलने मुलींना उचलून पाण्यातून पलीकडे न्यावे, हेही खपेना. त्याच्या हाती ढकलगाडी द्यावी लागली. पुस्तकात हार्डीने ते सारे परत आणले. आता तेच पुन्हा धुऊन काढण्याचे काम समीक्षक करताहेत. त्या संपादकाला निदान लाज तरी वाटत होती. यांना काहीच वाटत नाही, आणि त्या न वाटण्यालाच हे शास्त्र म्हणतात.